भ्यालेला नाकतोडा गोड का खातो?

सरदारपूर हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. गुजरातेत खंबातच्या आखाताला मिळणारी माही नदी याच तालुक्यात उगम पावते. पक्षिप्रेमींना मात्र सरदारपूर ठाऊक आहे ते खरमोरामुळे. महाराष्ट्रात आपण ज्याला तणमोर म्हणतो, तोच हा पक्षी. आकाराने कोंबडीएवढा, लांब पायांचा, माळढोकाच्या कुळातला. त्याच्यासाठी १९८३ साली इथे अभयारण्य जाहीर झाले, आणि त्याच वर्षी शेजारच्या रतलाम जिल्ह्यात सैलान्यालाही. पाऊस पडून गवत गुडघाभर झाले की हे पक्षी विणीसाठी येतात. काळ्या-पांढऱ्या पिसांचा नर गवतातून सरळ वर उसळतो, क्षणभर पंख फडफडवतो आणि पुन्हा गवतात दिसेनासा होतो. जवळजवळ पुरुषभर उंचीची ही उडी तो दिवसातून शेकडो वेळा मारू शकतो. एवढ्या कष्टाला लागणारे बळ त्याला मुख्यतः किड्यांमधून मिळते, आणि त्या किड्यांत नाकतोड्यांचा वाटा मोठा असतो.

ताणाचा भुकेशी काय संबंध आहे, हे समजून घ्यायचे तर या नाकतोड्यापासूनच सुरुवात करावी. मनावर ओझे आले की कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही आणि कुणाचा हात फरसाणाच्या डब्याकडे जातो. आपण याला स्वभाव म्हणतो, कधी जिभेचे चोचले म्हणतो. पण ज्या किड्याला आपल्यासारखे मन असल्याचा कसलाही पुरावा नाही, त्याचेही खाणे भीतीने असेच बदलते.

कोळ्याचे तोंड बंद, तरीही धाक कायम

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे ऑस्वाल्ड श्मिट्झ आणि त्यांचे सहकारी कनेक्टिकट राज्यातल्या गवताळ जमिनीवर अनेक वर्षे प्रयोग करत होते. जाळीच्या पिंजऱ्यात गवत, फुलझाडे आणि नाकतोडे ठेवायचे, आणि काही पिंजऱ्यांत शिकारी कोळीही सोडायचा. त्यांच्या काही प्रयोगांत कोळ्याचे तोंड चिकटवून बंद केलेले असे. तो फिरू शके, दबा धरू शके, पण चावू शकत नसे. म्हणजे नाकतोड्यांवर काही परिणाम झाला, तर तो केवळ भीतीचा.

ड्रोर हावलेना आणि श्मिट्झ यांनी २०१० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते थक्क करणारे आहेत. कोळी नसलेल्या पिंजऱ्यातले नाकतोडे गवत जास्त खात होते. गवतातून त्यांना प्रथिने मिळतात, आणि वाढीसाठी व अंड्यांसाठी तीच लागतात. कोळ्याच्या सहवासातल्या नाकतोड्यांनी मात्र गवत कमी केले आणि पिष्टमय, शर्करायुक्त वनस्पतीकडे मोर्चा वळवला. कारण भीतीमुळे त्यांच्या शरीरातला ऊर्जेचा खर्च वाढला होता, आणि तो तातडीने भरून काढायला साखरेइतके सोयीचे काही नाही. वाढ आणि वंश ही कामे पुढे ढकलायची, आजचा जीव आधी वाचवायचा, असा हा हिशेब.

दोन वर्षांनी त्यांनी याच्याही पुढचे दाखवून दिले. धाकात जगलेल्या नाकतोड्यांच्या शरीरात नायट्रोजनच्या तुलनेत कार्बनचे प्रमाण वाढलेले होते. असे नाकतोडे मरून मातीत मिसळले, तेव्हा त्या मातीतल्या सूक्ष्मजीवांचे काम बदलले आणि तिथला पालापाचोळा कुजण्याचा वेग मंदावला. एका किड्याची भीती त्याच्या आहारातून थेट जमिनीच्या कसापर्यंत पोहोचली होती.

पहिला तास: जठर थांबते

माणसाच्या शरीरात हाच हिशेब दोन टप्प्यांत मांडला जातो. पहिला टप्पा काही सेकंदांचा ते तासाभराचा. त्याचे साक्षीदार दोन डॉक्टर होते.

१८२२ साली अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार शिरला. तो वाचला, पण जठरापर्यंत जाणारे भोक कायमचे उघडे राहिले. विल्यम बोमाँट या लष्करी डॉक्टरने त्या भोकातून पुढे वर्षानुवर्षे पचन पाहिले आणि १८३३ साली ग्रंथ लिहिला. रुग्ण संतापला किंवा अस्वस्थ झाला की जठराचे अस्तर आणि त्यातले पाझर बदलतात, पचन रखडते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले होते. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर हार्वर्डमधल्या वॉल्टर कॅनन यांनी मांजरीला बिस्मथ मिसळलेले अन्न देऊन तिच्या जठराच्या हालचाली पडद्यावर पाहिल्या. मांजर शांत असताना जठरावर लाटा ठरावीक लयीत पुढे सरकत होत्या. ती घाबरली किंवा चिडली की त्या थांबत, आणि तिला गोंजारून शांत केले की पुन्हा सुरू होत.

याची यंत्रणा आज बरीच उलगडली आहे. धोका जाणवताच मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून सीआरएच नावाचे संप्रेरक सुटते. १९८१ साली वायली व्हेल यांच्या गटाने त्याची रचना शोधली. ४१ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी भूक दडपते. त्याच वेळी अॅड्रेनॅलिन रक्ताला आतड्यांकडून स्नायूंकडे वळवते. तोंड कोरडे पडते, पोटात गोळा येतो. दहावीच्या पेपरच्या सकाळी आईने केलेले पोहे बशीत तसेच राहतात, ते यामुळे. मूल नखरे करत नसते. त्या घटकेला त्याचे जठर खरोखरच अन्न घ्यायला तयार नसते.

आपल्याकडच्या वैद्यांना ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. चरकसंहितेच्या विमानस्थानात असा निर्वाळा आहे, की पथ्याचे अन्न बेताने खाल्ले तरी चिंता, शोक, भय, क्रोध आणि जागरण यांमुळे ते पचत नाही.

नंतरचे महिने: खा-खा सुटते

दुसरा टप्पा संथ असतो. सीआरएचच्या आज्ञेवरून मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात. धोका टळला की कॉर्टिसॉलचे काम असते खर्ची पडलेली ऊर्जा भरून काढण्याचे, म्हणजेच भूक चाळवण्याचे. वाघाच्या तावडीतून सुटलेल्या माणसासाठी ही व्यवस्था उत्तम होती. पण सोयाबीन फुलावर असताना पावसाने ओढ दिली आणि डोक्यावर कर्ज आहे, तर शेतकऱ्याचा धोका संध्याकाळी टळत नाही. शहरातल्या नोकरदाराचाही टळत नाही. कॉर्टिसॉल महिनोन्महिने चढे राहते आणि शरीर न झालेल्या धावपळीची भरपाई मागत राहते.

त्यात ग्रेलिनची भर पडते. जठरातून येणारे हे भुकेचे संप्रेरक १९९९ साली जपानमध्ये मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी शोधले. दीर्घ ताणात उंदरांमध्ये ग्रेलिन वाढते आणि ते त्यांची उदासी काही अंशी कमी करते, असे २००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांना आढळले. भूक वाढणे हा मन सावरण्याच्या धडपडीचाच एक भाग असू शकतो, ही मोठी महत्त्वाची गोष्ट यातून पुढे आली.

मग ओढ गोड आणि तेलकटाचीच का? कॅलिफोर्नियातल्या मेरी डॉलमन यांनी २००३ साली मांडले, की साखर आणि चरबी मेंदूतल्या ताणयंत्रणेला शांत करतात, म्हणून शरीर तेच मागते. २०१० साली सिनसिनाटीमधल्या शास्त्रज्ञांनी उंदरांना दिवसातून दोनदा थोडेसे साखरपाणी दिले, तेव्हा त्यांची ताणाची प्रतिक्रिया सौम्य झाली. कॅलरी नसलेल्या सॅकरीननेही तोच परिणाम साधला. मात्र तेच साखरपाणी नळीने थेट जठरात सोडले तेव्हा काहीच फरक पडला नाही. दिलासा जिभेवरच्या आनंदाचा होता, पोटात गेलेल्या साखरेचा नव्हता.

सगळ्यांचे सारखे का होत नाही?

संशोधकांचा ढोबळ अंदाज असा, की ताणात पाचांतल्या दोघांची भूक वाढते, दोघांची मरते आणि एकाला फारसा फरक पडत नाही. २००१ साली एलिसा एपेल यांनी ५९ स्त्रियांना एका दिवशी कठीण कामे दिली आणि दुसऱ्या दिवशी आराम दिला. ताणात ज्यांचे कॉर्टिसॉल जास्त उसळले, त्या स्त्रियांनी त्या दिवशी जास्त खाल्ले, आणि गोडाकडे त्यांचा कल अधिक होता. फरक शरीराच्या प्रतिसादात होता. त्याला मनोनिग्रहाचा अभाव म्हणणे म्हणजे त्या व्यक्तीवर अन्याय करणे होय.

आपल्या लोकांसाठी यात एक जास्तीचा धोका आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासांनी दाखवले, की भारतीय बाळे वजनाने लहान जन्मतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते. दीर्घकाळ चढलेले कॉर्टिसॉल ही चरबी पोटाभोवती साठवायला मदत करते, आणि तिथूनच मधुमेहाची वाट सुरू होते. वरून सडपातळ दिसणारा माणूसही त्यातून सुटत नाही.

भीतीची किंमत

रानातल्या जीवांना ही किंमत पिलांच्या रूपाने मोजावी लागते. लिआना झानेट आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या बेटांवर गाणाऱ्या चिमण्यांची घरटी जाळ्या आणि विजेच्या कुंपणांनी पूर्ण सुरक्षित केली, आणि मग फक्त शिकारी प्राण्यांचे आवाज ऐकवले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात एकाही पिलाची शिकार होऊ शकत नव्हती, तरी त्या हंगामातली पिले ४० टक्क्यांनी घटली. धास्तावलेले आईबाप चारा आणायला कमी वेळा बाहेर पडत होते.

सरदारपूरच्या खरमोरासाठी हे लक्षात ठेवायला हवे. २०२१ पासून हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त गटात आहे. त्याच्या विणीच्या दोन-तीन महिन्यांत माळावर नुसते गवत राखून भागणार नाही, तिथे शांतताही राखावी लागेल. मोकाट कुत्री, गाड्या आणि फोटोसाठी जवळ जाणारी माणसे यांनी पक्षी मारला नाही तरी त्याचा चरण्याचा वेळ हिरावला जातो.

माणसांसाठीही यातून करण्याजोग्या गोष्टी निघतात. ताण आला असता भूक नसेल तर बळजबरीने ताट पुढे करू नये. थोडे थांबावे आणि पातळ, हलके काही द्यावे. भूक वाढलेली असेल तर जेवणाच्या वेळा चुकवू नयेत, कारण उपाशी पोटी गोडाची ओढ आणखी वाढते. झोप सांभाळावी, कारण अपुऱ्या झोपेनेही भूक वाढते. चालावे, कारण शरीराने ज्या धावपळीची तयारी केली होती ती त्यामुळे खरोखर घडते. आणि जिभेच्या आनंदाने मन शांत होत असेल, तर गाण्याने, गप्पांनी, जिवलगांच्या सहवासानेही ते होते. तीन-चार आठवडे अन्नावरची वासना उडालेली असेल किंवा वजन झपाट्याने उतरत असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवे.

घरात कुणी खात नसेल किंवा खूपच खात असेल, तर आपण आधी ताटाकडे पाहून बोलतो. विज्ञान सांगते, की प्रश्न ताटात नसतो. "किती खाल्लेस?" या प्रश्नाआधी "कसली काळजी लागली आहे?" हा प्रश्न विचारला, तर बरीच औषधे टळतील.