माणसाची नव्हे, नोंदीची चिठ्ठी

घराण्याची माहिती मोबाइलमध्ये साठवताना बहुतेक जण माणसागणिक एक पान उघडतात. सातारा-सांगलीकडे हा हिशेब लवकर फसतो, कारण आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आहे आणि दोन-तीन पिढ्यांत तेच नाव, तेच गाव पुन्हा भेटते. म्हणून टिपणांचे ॲप ऑब्सिडियन असो वा वननोट, पान माणसाचे नको, नोंदीचे असावे: गाव नमुना 14 मधला एक जन्म, एक फेरफार, वंशावळी सांगणाऱ्या हेळव्याच्या वहीतून ऐकलेली एक पिढी. मूळ मोडी पानाचा फोटो, त्याखाली लिप्यंतर, आणि आपला अंदाज वेगळा. साल शकात असेल तर ते तसेच ठेवून 78 किंवा 79 मिळवून येणारा इसवी सन शेजारी लिहावा. गावाच्या नावापुढे त्या काळचा अंमलही हवा. तासगाव 1949 पर्यंत सातारा जिल्ह्यात होते, मग दक्षिण साताऱ्यात; त्याच जिल्ह्याचे नाव 1960 मध्ये सांगली झाले. आटपाडी मात्र औंध संस्थानात, जत स्वतःच संस्थान. हे न नोंदवणारा माणूस चुकीच्या कचेरीत दप्तर शोधत बसतो.

वंशवृक्षाचे तयार ॲप असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण असे ॲप हा मुलगा कोणाचा, हे आधीच ठरवायला लावते. पुरावा मात्र बऱ्याचदा दोन चुलत घरांकडे बोट दाखवतो. नोंदींच्या वेगळ्या चिठ्ठ्या दोन्ही घरांना जोडून ठेवता येतात, आणि नवा फेरफार सापडला की एक दुवा तोडला तरी भागते.