विश्लेषण : ‘बायपोलर’ की व्यक्तिमत्त्व विकार? नेमके निदान व्हायला वेळ का लागतो?

एकाच फाइलमध्ये आधी ‘नैराश्य’, मग ‘बायपोलर’ आणि काही वर्षांनी ‘बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर’, असे तीन शेरे पाहून घरचे चक्रावतात. या विकारात हे अनेकदा घडते.

गफलत कुठे होते?

मन:स्थितीचे टोकाचे चढउतार दोन्हींत असतात. मात्र बायपोलरमधील उन्माद किंवा नैराश्य सहसा कित्येक दिवस, आठवडे टिकते. बॉर्डरलाइनमध्ये न आलेल्या एका फोनवरूनही काही तासांत मन पालटते. जवळचा माणूस सोडून जाईल ही भीती, तुटणारी नाती, आतला रितेपणा, स्वतःला इजा करणे, असा क्रम बहुधा तरुण वयापासून चालत आलेला असतो. तो रक्ततपासणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही आणि गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटांत सांगूनही होत नाही. काहींना दोन्ही विकार असतात, हा आणखी एक पेच. घरी तर ‘तापट’, ‘नाटकी’ म्हणून विषय संपतो.

खान्देशात कुठे जायचे?

सुरुवात जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथील मनोविकार विभागातून करता येते. राज्याची जुनी मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरीत आहेत. पण या विकारात बहुतेकांना भरती व्हावे लागत नाही.

खरी अडचण पुढे आहे. या विकारावर खास अशी गोळी नाही. औषधे सोबतचे नैराश्य, चिंता यांसाठी दिली जातात. मुख्य उपचार म्हणजे मानसोपचार. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेली ‘डीबीटी’ पद्धत साधारण वर्षभर, दर आठवड्याला चालते. साक्री किंवा पारोळ्याहून दर आठवड्याला येणे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज. त्यामुळे काही सत्रे व्हिडिओ कॉलवर होतील का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का, हेही विचारायला संकोच नको.

डॉक्टर बदलला तर?

जुने कागद फेकू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ नुसार रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मागता येतात. लहानपणापासून ओळखणारे कुणी सोबत असेल तर निदानाला मोठी मदत होते.

आत्महत्येचे विचार येत असतील तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो, मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर १०८ लावा.