आर आणि यू : छताच्या आकड्यांचे वाचन

ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि छतावर उष्णतारोधक थर घालण्याची चर्चा घरोघरी सुरू होते. विक्रेत्याच्या पत्रकातील 'आर' आणि 'यू' ही अक्षरे मात्र अनेकांना परकी वाटतात. मी साहित्याचा अध्यापक; तेव्हा या संज्ञा मराठीत उलगडून पाहतो.

'आर' म्हणजे रोध. थराची मीटरमधील जाडी भागिले पदार्थाची उष्णतावाहकता, एवढेच त्याचे गणित. 'यू' म्हणजे संपूर्ण छतातून होणारे उष्णतेचे वहन. रोध जितका अधिक, वहन तितके कमी.

थर्माकोलची वाहकता सुमारे ०.०३६, सळईच्या काँक्रीटची १.५८. म्हणून ५० मिलिमीटर थर्माकोलचा रोध १.३९ येतो, तेवढ्या रोधासाठी काँक्रीट सुमारे २.२ मीटर जाड लागेल. १५० मिलिमीटरच्या नुसत्या स्लॅबचा यू साधारण ३.३ असतो, हा थर घातल्यावर तो ०.६ च्या आसपास येतो. केंद्र शासनाच्या 'इको-निवास संहिता २०१८'मध्ये निवासी इमारतींच्या छतासाठी कमाल यू १.२ ठरवला आहे.

अमेरिकी पत्रकांतील आर निराळ्या एककांत असतो, त्याला ५.६८ ने भागले की आपला आकडा मिळतो. तिकडचा 'आर ८' म्हणजे आपल्याकडचा जेमतेम १.४. एककाविना आकडा म्हणजे विभक्तिप्रत्यय गळालेले नाम. त्याचा अन्वय लागत नाही. म्हणून जाडी, वाहकता आणि एकक या तिन्ही गोष्टी लेखी मागाव्यात. शिवाय थर ओला झाला की रोध घटतो. त्यामुळे जलरोधनाची चौकशीही त्याच वेळी करावी.