वहीच्या शेवटच्या पानावर

‘‘बाई, आमाला सांगता गोळी खा, गोळी खा. तुमी खाता का?’’

पाड्यावरची ती बाई हे अगदी सहज बोलली. तिच्या हातात लोहाच्या लाल गोळ्यांची पट्टी होती आणि कडेवर चार महिन्यांचं लेकरू. मी नेहमीसारखी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघत होते. तेवढ्या जवळून तिलाही माझे डोळे दिसले असणार. ‘‘अगं, मला काय झालंय?’’ असं म्हणून मी हसले आणि वजनकाट्याकडे वळले. पण तो प्रश्न काही पाठ सोडेना.

मैत्रिणींनो, मी अंगणवाडी सेविका. घर खोडाळ्यात, अंगणवाडी जवळच्या पाड्यावर. खोडाळा म्हणजे मोखाडा तालुक्यातलं बाजाराचं गाव. इकडून मोखाडा-जव्हार, तिकडून विहीगावमार्गे खाली कसारा. पावसाळ्यात कोसळणारा पाऊस आणि मार्च-एप्रिल आला की विहिरींना तळ दिसायला लागतो. अशा गावात गेली सतरा वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलांची वजनं घेते आहे. माझं स्वतःचं वजन किती, हे मात्र मला माहीत नव्हतं!

माझा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू होतो. पाणी भरायचं, नागलीच्या भाकऱ्या थापायच्या, मुलाचा डबा, सासूबाईंचा चहा-नाश्ता. ‘हे’ जीप चालवतात. कसाऱ्याची लोकल पकडणाऱ्या पॅसेंजरसाठी ते सहालाच बाहेर पडतात. मग अंगणवाडी, मुलांचा खाऊ, वजन-उंची, मोबाइलवर पोषण ट्रॅकर भरणं. रेंज नसली की टेकाडावर चढायचं. दुपारी गृहभेटी. आवणीच्या दिवसांत घरची भातलावणी. संध्याकाळी पुन्हा चूल आहेच. आणि सगळ्यांची जेवणं उरकली, की टोपात उरेल ते माझं. तुमच्यापैकी कितीजणींचं याहून वेगळं असतं, सांगा बरं?

त्या रात्री मी माझं रजिस्टर उघडून बसले. आमच्या भागाचं नाव राज्यभर झालं ते १९९२ मध्ये, जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणानं बालकं दगावली तेव्हा. त्यानंतर सरकारचं लक्ष इकडे वळलं. १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. २०१५ मध्ये गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना आली. २००५ पासून गावोगावी आशाताई दिसायला लागल्या. हे सगळं चांगलंच झालं. पण माझ्या रजिस्टरमध्ये बाई येते ती तीनच रकान्यांत: किशोरी, गरोदर माता, स्तनदा माता. मूल सहा महिन्यांचं झालं, की स्तनदा मातेच्या यादीतून तिचं नाव कमी होतं. ते नाव मीच माझ्या हातानं कमी करते. त्यानंतर ती बाई कुठं जाते? कुठं म्हणजे काय, विहिरीवर जाते, शेतावर जाते, डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरते. फक्त कोणाच्या वहीत नसते.

माझा मुलगा बारा वर्षांचा. म्हणजे माझं नाव वहीतून जाऊन साडेअकरा वर्षं झाली होती.

तसं संधी आली नव्हती, असं नाही. २०२२ च्या नवरात्रात, २६ सप्टेंबरपासून राज्यात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ अभियान सुरू झालं. अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांची तपासणी होती. मी पाड्यावरच्या बायकांना समजावून-समजावून आणलं, रांगेत उभं केलं, नावं लिहिली, रडणारी पोरं सांभाळली. रांग लावायला मी होते, रांगेत मात्र नव्हते. दुपारी तीनला शेवटची बाई गेली, तेव्हा मनात आलं, आपणही बोट पुढे करावं. पण घरी दळण राहिलं होतं. ‘‘पुढच्या वेळी बघू,’’ म्हणत मी चपला घातल्या.

ती पुढची वेळ २०२४ च्या जुलैमध्ये आली, आणि चांगलीच आली. आवणी चालू होती. चिखलातून रोपांची जुडी उचलून उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. नणंदेनं धरलं म्हणून बांधावर बसले, नाहीतर खाचरातच आडवी झाले असते. तसं आठवायला गेलं, तर वर्षभर अंग सांगतच होतं. विहिरीवरून हंडा घेऊन चढताना धाप लागायची. केसांचा पुंजका कंगव्यात यायचा. जीभ गुळगुळीत झालेली, नखं पांढरी. पाळीच्या चार दिवसांत तर उठवत नसे. आणि चिडचिड? ती सगळी मुलाच्या वाट्याला!

एवढं होऊनही मी तपासायला कधी गेले असेन? बारा दिवसांनी. आधी आवणी संपू दे म्हटलं, मग मासिक अहवाल, मग सासूबाईंचा गुडघा. आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र गावातच आहे. मी पाड्यावरच्या बायकांना तिथे घेऊन जाते. स्वतःसाठी जायला मात्र मला बारा दिवस लागले.

हिमोग्लोबिन आलं ८.२. गरोदर नसलेल्या बाईचं ते किमान १२ हवं. ११ ते ११.९ म्हणजे सौम्य रक्तक्षय, ८ ते १०.९ मध्यम आणि ८ च्या खाली गेलं की तीव्र. मी काठावर उभी होते. हिमोग्लोबिन शरीरभर प्राणवायू पोचवतं. तेच कमी पडलं, की हृदयाला जोरात पळावं लागतं, म्हणून ती धाप आणि धडधड. मी मात्र ‘वय झालं आता’ असं समजत होते. अवघ्या एक्केचाळीसाव्या वर्षी!

आणि यात मी काही एकटी नव्हे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे हळदीकुंकवाला दहाजणी जमल्या, तर त्यातल्या पाचजणींचं तरी रक्त कमीच!

‘‘पाळी कशी आहे?’’ डॉक्टरांनी विचारलं. मी पटकन ‘‘बरी आहे,’’ म्हणून मोकळी झाले. पुरुष डॉक्टरांपुढे आणखी काय बोलणार? बाहेर सिस्टरनं बाजूला घेतलं. ‘‘किती दिवस जातं? रात्री उठून बदलावं लागतं का? गाठी पडतात का?’’ तेव्हा कुठं खरं बोलले. सात-आठ दिवस, आणि रात्रीतून दोनदा उठणं. दर महिन्याला एवढं रक्त जात असेल, तर नुसत्या पालेभाजीनं कसं भरून निघणार? मैत्रिणींनो, डॉक्टरांपासून काय लपवायचं नसतं, तर ते हेच.

नाशिकला जाऊन सोनोग्राफी केली. एक दिवसाची रजा, एसटीचं भाडं आणि घरात दुपारचा स्वयंपाक बंद. गर्भाशयात छोटी, साधी गाठ निघाली. कॅन्सरची नव्हे. औषधानं रक्तस्राव आटोक्यात येईल, दर सहा महिन्यांनी दाखवा, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. घरी आले तर शेजारणीचा सल्ला तयारच होता, ‘‘पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल.’’ तशा कटकटी मिटवून घेतलेल्या बीडच्या ऊसतोड बायकांची व्यथा २०१९ मध्ये राज्यभर गाजली, ती मी वाचली होती. गरज असेल तर शस्त्रक्रिया करावीच, पण ती कटकट नको म्हणून नव्हे. मी डॉक्टरांचंच ऐकायचं ठरवलं.

आणखी एक तपासणी झाली, सिकलसेलची. आदिवासी भागात हा आनुवंशिक आजार आढळतो, त्याच्या निर्मूलनासाठी २०२३ च्या जुलैमध्ये देशभर मोहीमही सुरू झाली. रक्त कमी म्हणजे दर वेळी लोहच कमी असतं, असं नाही. म्हणून आपल्या मनानं दुकानातून टॉनिक आणून पीत बसू नये, आधी तपासून घ्यावं. माझी ती तपासणी निर्दोष आली.

मग गोळ्या सुरू झाल्या. रोज दोन, तीन महिने. त्याच लाल गोळ्या, ज्या मी सतरा वर्षं वाटल्या. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, हे मला तोंडपाठ. पण गोळी पोटात गेल्यावर काय होतं, ते विसरून किती वर्षं झाली होती! मळमळ, पोट जड, शौचाला काळं. आठव्या दिवशी मी पट्टी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. पाड्यावर याच गोष्टीसाठी मी बायकांना बोलत असे, ‘‘फुकट मिळतंय तर खात का नाही?’’ त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

सिस्टरनं उपाय सांगितला. उपाशीपोटी घेऊन मळमळत असेल, तर जेवणानंतर घ्या, एक सकाळी आणि एक रात्री. काळी शौच म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही, ते लोहामुळेच. पाणी जास्त प्या. आणि गोळीच्या किंवा जेवणाच्या मागेपुढे तासभर तरी चहा नको. चहातलं टॅनिन लोह अंगी लागू देत नाही. भाकरी खाल्ली की वरून कपभर चहा, ही माझी किती वर्षांची सवय! त्याऐवजी लिंबू पिळायला लागले. आंबट फळातल्या ‘क’ जीवनसत्त्वानं लोह चांगलं शोषलं जातं. लिंबू नसेल तेव्हा आवळा, उन्हाळ्यात करवंदं, आपल्याकडे कमी का आहे? पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, घराजवळचा शेवगा, उडदाची डाळ. नागलीची भाकरी तर घरात आहेच, तिच्यात कॅल्शियम भरपूर. फक्त ती सगळ्यांच्या शेवटी, उरलेली नको.

खरी लढाई इथेच होती. गोळी फुकट मिळते, वेळ कोण देणार? एका रात्री सगळे जेवायला बसले, तेव्हा मी माझंही ताट वाढून घेतलं आणि बसले. मुलगा बघतच राहिला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘आमच्या वेळी कुठं मोजत होते रक्त?’’ मी म्हटलं, ‘‘आई, म्हणूनच तर तुम्ही तीन बाळंतपणांनंतर महिनोन् महिने अंथरुणावर होता. तुम्हीच सांगितलंत ना मला?’’ त्या काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच्या ताटातली भाजी माझ्या ताटात वाढली.

यांना मी कागद दाखवला. ८.२ म्हणजे काय ते त्यांना कळेना. मी म्हटलं, ‘‘तुमच्या जीपमध्ये ऑइल कमी असताना विहीगावचा घाट चढवाल का?’’ ते त्यांना लगेच कळलं! दुसऱ्या दिवसापासून जीपमध्ये पाण्याचे दोन कॅन भरून यायला लागले. मुलगा कुकर लावायला शिकला. पहिल्या दिवशी भात करपला, आम्ही तो तसाच खाल्ला. मी काही भांडले नाही की उपदेश केला नाही. फक्त कामं मोठ्यानं मोजून दाखवली.

महिन्यानं ९.४ झालं. तीन महिन्यांनी ११.३. अंगातला लोहाचा साठा भरून यावा म्हणून गोळ्या पुढेही चालू ठेवल्या आणि २०२५ च्या फेब्रुवारीत १२.१ आलं. हंडा घेऊन चढताना मी आता मध्ये थांबत नाही. सासूबाईही एकदा बरोबर आल्या. त्यांचं बीपी वाढलेलं निघालं, तेव्हापासून त्यांचीही गोळी सुरू आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकीची बीपी, साखर, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात मोफत होते. पण ती मागायला आपण तर जायला हवं नं?

आता माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मी एक नवी यादी केली आहे. सरकारी नाही, माझीच. पहिलं नाव माझं. पुढे तारीख, वजन, बीपी, हिमोग्लोबिन. पुढच्या तपासणीची तारीखही आधीच लिहून टाकायची. समोरच्या रकान्यातून एखादीचं नाव कमी करताना, आता मी ते मागच्या पानावर लिहिते. १७ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२५ या काळात ‘स्वस्थ नारी, सशक्त परिवार’ अभियान झालं, तेव्हा या पानावरच्या बायकांना घेऊन गेले आणि या वेळी रांगेत सर्वांत आधी मी उभी राहिले. मागच्या बायका खुदुखुदु हसत होत्या. हसू देत!

सगळं सुरळीत झालंय असं मात्र नाही. दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो आणि माझी यादी अर्धी राहते. मला प्रश्न विचारणारी ती बाईही २०२४ च्या दिवाळीनंतर गेली. तिचं लेकरू सहा महिन्यांचं होऊन गेलं होतं, म्हणजे तिचं नाव मागच्या पानावर आलं होतं. जाताना तिला दोन पट्ट्या दिल्या. तिनं त्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि विचारलं, ‘‘बाई, तुमी खाता ना?’’

या वेळी मी खरं उत्तर दिलं.

तुमच्याही घरात दुधाच्या, किराण्याच्या हिशेबाची एखादी वही असेलच. आज रात्री तिचं शेवटचं पान उघडा. वर स्वतःचं नाव लिहा आणि पुढे तपासणीला जायची तारीख. दळण काय, उद्याही होईल!