काँक्रीटच्या पोटातल्या पाणपोया

एप्रिल २०१६. मांजरा धरण आटलेलं, आणि मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी लातूरला आलं. अशा उन्हाळ्यात कुणी नवा स्लॅब टाकला असेल, तर त्यावर मारायला पाणी आणायचं कुठून?

मारावं तर लागतंच. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस ओलं ठेवा, असं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. कोरड्या, कडक उन्हाळ्यात किंवा फ्लाय ॲशच्या सिमेंटला किमान १०. कारण काँक्रीट वाळून घट्ट होतच नाही! सिमेंट पाण्याशी संयोग पावतं आणि त्यातून दगडासारखा पदार्थ जन्मतो. पाणी उडून गेलं, की ही प्रक्रिया अर्ध्यावर थांबते.

स्लॅबवर निदान वाफे करून पाणी कोंडता येतं. पण कॉलमचं काय? गोणपाट गुंडाळा, पाइपने पाणी मारा. नांदेडच्या मे महिन्यात तासाभरात पोतं कोरडं. शिवाय काँक्रीट जितकं दाट, तितकं वरचं पाणी आत मुरणं कठीण.

मग पाणी आधीच आत भरून ठेवलं तर? २००१ च्या सुमारास डेन्मार्कमधल्या येन्सेन आणि हान्सेन या संशोधकांनी नेमकं हेच मांडलं. त्यासाठी त्यांनी निवडलं बाळांच्या डायपरमध्ये असतं त्या जातीचं पाणीशोषक पॉलिमर! साखरेपेक्षा बारीक कण, पण शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पितात. सिमेंटच्या क्षारयुक्त पाण्यात मात्र त्यांची तहान दहा-वीस पटींवरच भागते.

तेवढं पुरतं का? हिशोब बघा. सिमेंट आणि पाणी एकत्र आले, की तयार होणारा पदार्थ दोघांच्या बेरजेपेक्षा कमी जागा घेतो. ५० किलोच्या गोणीमागे साधारण ३ लिटरची पोकळी आतल्या आत पडते. ती भरायला पाणी मिळालं नाही, तर काँक्रीट आकसतं, तडकतं. आणि पाव किलो पॉलिमर, बारा पट धरलं तरी, बरोबर ३ लिटर पाणी धरून ठेवतं!

आता सर्वांत सुंदर भाग. हे पाणी सोडा म्हणून सांगतं कोण? कुणीच नाही. सिमेंट पाणी संपवू लागलं, की त्याची सूक्ष्म छिद्रं रिकामी होतात आणि केशाकर्षणाने शेजारच्या फुगलेल्या कणातून पाणी ओढून घेतात. जिथे तहान, तिथेच पाणपोई, सगळ्या कॉलमभर विखुरलेली.

कण रिकामा झाला, की मागे इवलीशी पोकळी उरते. तिच्यामुळे ताकद थोडी घटू शकते. पण पुढे कधी भेग त्या कणापर्यंत पोहोचली आणि पावसाचं पाणी आत शिरलं, तर कण पुन्हा फुगतो आणि भेगेची वाट अडवतो. कित्येक वर्षांनंतरसुद्धा!

२००६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी जर्मनीतल्या कायझरस्लाउटर्नला अशा काँक्रीटचा सडपातळ मंडप उभा राहिला. खरा फायदा कमी पाण्याच्या, उच्च ताकदीच्या काँक्रीटला. सुरुवातीला पृष्ठभाग तरीही झाकावाच लागतो. तरी मला वाटतं, मराठवाड्यात याची पहिली परीक्षा पुलांच्या खांबांवर आणि उंच इमारतींच्या कॉलमवर व्हावी, जिथे पाइप पोहोचतो पण पाणी टिकत नाही.