लेकरू राखणारीचे भय

भयकथा ही वेळ घालवण्याची गोष्ट, तिचा समाजचिंतनाशी काय संबंध, असे आपल्यातील पुष्कळ कार्यकर्ते विचारतील. परंतु कोणाच्या भयाची कथा होते आणि कोणाचे भय कोणी मोजतच नाही, हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. परदेशातील भयकथेचा एक लोकप्रिय प्रकार समोर ठेवून तो येथे तपासावयाचा आहे.

हा प्रकार म्हणजे रात्री परक्या घरी मूल सांभाळणाऱ्या मुलीची कथा. 'हॅलोवीन' (१९७८) व 'व्हेन अ स्ट्रेंजर कॉल्स' (१९७९) हे अमेरिकन चित्रपट आणि आर. एल. स्टाइन यांची 'द बेबीसिटर' (१९८९) ही कादंबरी, ही त्याची ठळक उदाहरणे. या प्रकाराचा सर्वांत प्रसिद्ध साचा असा : आईबाप बाहेर गेलेले, मूल माडीवर झोपलेले, मुलगी खाली एकटी. फोन पुन्हा पुन्हा वाजतो, आणि शेवटी कळते की तो याच घरातून येतो आहे. ज्या पिढीने हे तरुणपणी पाहिले-वाचले, ती आज तेच हळव्या आठवणीने पुन्हा उघडते. भिंतीशी तारेने बांधलेला फोनही त्या आठवणीचा भाग झाला आहे.

ही कथा परिणाम का करते? कारण मुलीवर जबाबदारी सगळी आहे, अधिकार मात्र कसलाच नाही. घर तिचे नाही, त्याची दारे-खिडक्या तिच्या ओळखीच्या नाहीत. पळाली तर ती वाचेल, पण मूल वर आहे. तिला अडकवते ते तिचे कर्तव्य. तरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तिला तासाप्रमाणे पैसे मिळतात, सकाळी तिची शाळा असते, तिने हाक मारली तर पोलीस येतील असे तिला वाटते. समाजाने तिचा जीव आधीच मोलाचा मानला आहे. म्हणूनच तिच्या संकटाची कथा झाली.

मराठीत काय दिसते? नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा-गूढकथेला मोठा वाचक मिळवून दिला. धारपांच्या 'आजी' या कथेतून पुढे 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटाला प्रेरणा मिळाली. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला. त्यात एक मुलगा साखळदंडाने बांधलेल्या भयंकर म्हातारीजवळ रात्री एकटा राहतो. तिला राखण्याची पाळी त्याच्यावर येते, कारण त्याची आई एका सुवर्णमुद्रेच्या आशेने वर्षानुवर्षे वाड्याच्या धन्याची सेवा करीत आली आहे. येथे भयाचे मूळ वाड्याच्या हावेत आहे, हे या कथेचे मोठेपण होय.

परंतु आपल्या लोकपरंपरेने भयाला जागा दिली ती गावाबाहेर. हडळ मसणवटीत, मुंजा पिंपळावर, आणि तिन्हीसांजेनंतर वेस ओलांडू नये. त्या वेशीबाहेर कोण राहत होते? रात्री गावाची राखण करणारा, मयताची वर्दी परगावी पोचवणारा, सरणाचे लाकूड वाहणारा महार तेथेच राहत होता. ज्याने गावाचे रक्षण केले त्याच्याच वस्तीच्या बाजूला गावाने आपली भुते बसवली. वाड्यात लेकरू राखायला ठेवलेल्या पोरीला वाड्यातच काय भोगावे लागले, त्याची मात्र भयकथा झाली नाही.

सोयगाव तालुका कापसाचा. वेचणीच्या दिवसांत आई सरीत असते आणि आठ-दहा वर्षांची थोरली बहीण बांधावर झोळी हलवीत बसते. तिच्याजवळ फोन नाही, तिला मजुरी नाही, आणि तिची शाळा त्याच वेळी भरलेली असते. उघडी विहीर, साप, एकटी पोर पाहून जवळ येणारा माणूस, हे तिचे भय आहे. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास पूर्ण बंदी घातली, पण शाळेच्या वेळेबाहेर घरच्यांना मदत करण्याची मुभा ठेवली. शाळेची वेळ बांधावर कोण पाहतो? भावंड राखणे हे काम आहे असे कोणी मानतच नाही.

याच तालुक्यात अजिंठ्याची लेणी आहेत. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात हारीती आणि पांचिक यांचे शिल्प आहे. हारीती ही लोकांची मुले पळवून खाणारी यक्षी. आख्यायिका अशी की, बुद्धाने तिचे धाकटे मूल आपल्या भिक्षापात्राखाली लपवले. ती आकांत करू लागली तेव्हा त्याने विचारले, पाचशेपैकी एक दिसेना तर तुझी ही दशा, मग ज्यांना एकच होते त्यांचे काय? ती वळली. पण तिने आपला प्रश्न विचारला : आता माझ्या मुलांनी खायचे काय? तेव्हा संघाच्या अन्नातून रोज तिला वाटा देण्याचे ठरले. सातव्या शतकातील चिनी प्रवासी इत्सिंग याने भारतातील विहारांत हारीतीच्या प्रतिमेपुढे रोज अन्न ठेवले जात असल्याचे लिहून ठेवले आहे. पुढे ती मुलांची राखणकर्ती मानली गेली. या शिल्पाच्या पायथ्याशी मुले आहेत, आणि त्यांना शिकवणारा छडीधारी गुरुजीही आहे.

ही आख्यायिका आहे, तिच्यात चमत्कार शोधण्याचे कारण नाही. तिचा अर्थ मात्र स्पष्ट आहे. राक्षसिणीला मारून भय संपत नाही. भुकेची सोय लावल्याने ते संपते, आणि ती सोय एकट्या आईची नसून संघाची जबाबदारी आहे.

आपल्याकडे ही जाण कायद्यातही एकदा उतरली होती. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने म्हटले की, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर ती सांभाळण्यास एका बाईला नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. मूल राखणे हे मजुरीचे काम आहे, हे तेथे मान्य झाले. खासगी शेतावरच्या वेचणीला हा नियम कधी लागू नव्हता. अंगणवाडीतील शिक्षण तीन वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी असते. त्याहून लहान लेकरू बहिणीच्या कडेवरच राहते.

शिक्षक हजेरीपटावर पोरीच्या नावापुढे गैरहजर असे लिहितात. त्या दिवशी ती कोणाचे लेकरू घेऊन कोठे बसली होती, हेही विचारले पाहिजे. आणि गावात वेचणीपुरते का होईना पाळणाघर उभे राहावे, तेथे बसणाऱ्या बाईला मजुरी मिळावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत मांडली पाहिजे. आपल्या लेखकांपुढेही काम आहे. त्या बांधावरच्या पोरीचे भय अजून लिहावयाचे राहिले आहे.