जुन्या दूरदर्शन-संचाची घरगुती दुरुस्ती

भारतात दूरदर्शनचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस सुरू झाले, मुंबईस ते २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले, आणि रंग १९८२ साली. आपणां व्यापारी मंडळींच्या घरांत संच शिरला तो बहुधा त्यानंतरच. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे तेव्हा पेठेतील रस्ते ओस पडत, हे पुष्कळांस आठवत असेल. त्या पिढीचे काचेच्या नळीचे संच अद्याप कित्येकांच्या माडीवर कापडाखाली झाकलेले आहेत. ते भंगारवाल्याच्या काट्यावर चढविण्यापूर्वी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

प्रथम धोक्याविषयी, कारण येथील चूक तोटा खाती टाकून मोकळे होता येत नाही. रंगीत नळीस वीस ते पंचवीस हजार व्होल्टांचा दाब लागतो, आणि ती नळी स्वतःच विद्युत साठविणारे भांडे असल्याने प्लग काढल्यानंतरही तो साठा आत राहू शकतो. नळीच्या पाठीवरील रबरी टोपीस म्हणून हात लावू नये. कित्येक संचांचा सांगाडा थेट घरच्या विजेशी जोडलेला असतो. नळीत निर्वात पोकळी असते. ती फुटल्यास काचा उडतात. यास्तव पाठ उघडावी ती जाणत्या कारागिरानेच.

निदान मात्र बसल्या जागी करता येते, आणि ते मोठे मौजेचे आहे. आमच्या मातोश्रींना नव्या सपाट संचाची यंत्रणा जमत नाही. जुन्याची बटणे त्यांच्या बोटांना पाठ आहेत. त्या संचावर एके दिवशी मधोमध एकच पांढरी आडवी रेघ दिसू लागली, आवाज स्वच्छ. नातवंडे म्हणाली, “आजोबा, नळी गेली.” मला ते पटेना. इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदास १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे व ५० वेळा वरून खाली फिरतो, तेव्हा पडदा भरतो. रेघ आडवी उमटते म्हणजे पहिली गती शाबूत. नळीचा मोठा दाबही त्याच भागातून निघतो, म्हणजे तोही शाबूत. अडले ते केवळ वरखाली नेणारे मंडल. गोणीतून मूठभर दाणा काढून मालाची परीक्षा करावी, तसेच हे. तोवर उजेड अगदी मंद ठेवावा. झोत एकाच जागी पडत राहिल्यास आतील लेप जळून कायमचा डाग पडतो.

कारागिराने पाठ उघडली. त्या मंडलाची चिप चालताना फार तापते. वर्षानुवर्षे तापून-निवून तिच्या पायांभोवतीच्या डाखास केसासारखी गोल भेग पडली होती. भिंगातून ती स्पष्ट दिसली. जुना डाख काढून नवा दिला, शेजारचा वाळलेला कंडेन्सर बदलला: मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्टांचा तितकाच किंवा अधिक, आणि ऋण बाजू जागच्या जागी. पडदा भरला. (फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालण्याची आपल्याकडील खोड मात्र घातक आहे. वर्दी देणाऱ्या पहारेकऱ्याचे तोंड दाबून चोरी थांबत नाही.)

दूरदर्शनचे जमिनीवरील जुने प्रसारण २०२२ पर्यंत जवळजवळ सर्वत्र बंद झाले, तेव्हा छतावरील ॲंटेना आता निरुपयोगी. केबल वा डिशच्या डब्यास पिवळी, पांढरी, तांबडी भोके असल्यास तेथून जोडावे. नळीच अंधुक झाली असेल तर मोह सोडावा. तिच्या काचेत शिसे असते. ती फोडून उकिरड्यावर न टाकता ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडे पोहोचवावी.